रिकामं घरोट: आखाजी आणि आपली ग्रामसंग्रहालयं



पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तिकडे वसंत म्हटलं की व्याख्यान. आपल्या खानदेशात वसंत म्हटलं की आखाजी. अक्षय्य तृतीया हे पंचांगातलं नाव झालं. जळगाव-धुळ्याच्या घराघरांत तिला आखाजीच म्हणतात. आज बोलायचंय ते आपल्या गावगाड्याच्या वस्तू जपणाऱ्या संग्रहालयांबद्दल, आणि तिथे या दिवसांत होणाऱ्या कार्यक्रमांबद्दल. थोडं टीकेनं बोलणार आहे. आपल्या माणसांवरच टीका करायची असते, म्हणून गैरसमज नसावा.

आधी एक प्रसंग सांगतो. ठिकाणाचं नाव घेत नाही. चैत्रातली सकाळ, अकराची वेळ, म्हणजे आपल्याकडे अंग भाजणारी. मांडव, पाहुणे, दीपप्रज्वलन. मग एका आजींना जात्यापाशी बसवलं, समोर माइक ठेवला आणि सांगितलं, "आजी, म्हणा एक ओवी." आजींनी खुंटा धरला, पाळ्याकडे बघितलं आणि विचारलं, "भाऊ, दाने कुठी?"

दाणे नव्हते. आणायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. रिकामं घरोट फिरवू नये, हे आजींना ठाऊक होतं. त्यात अशुभाची भीती आहे, तशी साधी अक्कलही आहे. दाणा नसला की दगडावर दगड घासतो आणि टाकी झिजते. आजींनी हात काढून घेतला. संयोजकांनी वेळ सावरली, गाण्याची ध्वनिफीत लावली, टाळ्या पडल्या.

माझं सगळं म्हणणं त्या एका प्रश्नात आहे. आपण घरोट जपलं, दाणे विसरलो.

शब्दाचंही तसंच. इथल्या बाया घरोट म्हणतात आणि फलकावर लिहिलेलं असतं 'जाते'. वस्तू जपली आणि तिचं नाव दारातच काढून ठेवलं. आणि हे कुठे? बहिणाबाई चौधरींच्या जिल्ह्यात! १८८० साली आसोद्याला जन्मलेल्या या बाईला लिहिता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव आणि आप्त पितांबर चौधरी यांनी गाणी टिपून घेतली, म्हणून ती राहिली. १९५१ साली त्या गेल्या आणि पुढच्याच वर्षी, १९५२ मध्ये, अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आलं. घरोटावर त्यांचं गाणं आहे, आखाजीवरही आहे. जळगावच्या चौधरी वाड्यातलं त्यांचं घर आज संग्रहालय आहे. तिथे गेलात तर चुलीपाशी, भांड्यांपाशी जरा थांबा. या वस्तू कामात असताना गाणं सुचत होतं. काम थांबलं की वस्तू उरते, गाणं उरत नाही. कुणीतरी वेळेवर टिपलं तरच उरतं.

आता धुळ्याकडे बघा. राजवाडे गावोगाव हिंडले, कागद गोळा केले, १९२६ च्या शेवटी धुळ्यातच वारले. त्यांच्या नावानं तिथे संशोधन मंडळ उभं राहिलं. म्हणजे खानदेशाला कागद जपण्याची शिस्त शंभर वर्षांपासून माहीत आहे. ज्यांच्याकडे कागद नव्हता, त्यांच्यासाठी तीच शिस्त आपण का लावत नाही?

इथे वसंताचा मुद्दा येतो. जगभरची संग्रहालयं १८ मे हा दिवस पाळतात. १८ एप्रिलला वारसा दिन असतो. दोन्हीला आपल्याकडे व्याख्यान, चित्रकला स्पर्धा, बक्षीस. हरकत नाही. पण आखाजी बहुतेक वेळा याच दोन तारखांच्या अधेमध्ये येते, आणि आपला संग्रह बोलू शकेल असा वर्षातला मोसम तो आहे. गहू घरात आलेला असतो. कुरडया, पापड, शेवया चालू असतात. चैत्रात बसवलेल्या गौराईची गाणी रोज म्हटली जातात. मुऱ्हाळी बहिणीला आणायला जातो. निंबाला झोका बांधला जातो. आणि घागर भरली जाते: पितरांच्या नावानं नवी घागर, वर लहान मातीचं भांडं, डांगर, सांजोऱ्या, आंबा.

'नवी' या शब्दाकडे लक्ष द्या. संग्रहालय जुनी घागर जपतं, सणाला नवी लागते. जुनी घागर काचेत ठेवून नवी घडवणारा कुंभार उपाशी राहिला, तर आपण नेमकं काय जपलं?

कोल्हापूरजवळ कणेरी मठावर सिद्धगिरीचं ग्रामजीवन संग्रहालय आहे. बलुतेदार, शेतकरी, बाया, बैल, सगळं पुतळ्यांत उभं केलंय. मुलांना घेऊन जावं असं आहे. हातांची ठेवण, अवजारांचे आकार तिथे नीट दिसतात. पण पुतळ्याची एक अडचण असते. तो काम दाखवतो, कामाचा मोबदला दाखवू शकत नाही. लोहाराला किती बलुतं मिळालं, कुणाला पाटीभर आणि कुणाला दारातूनच परत, हे पुतळा सांगत नाही. म्हणून असा गाव नेहमी सुखी दिसतो.

आपल्या आखाजीच्या कार्यक्रमांतही हीच चूक होते. झोका असतो, सांजोरी असते, नऊवारी असते. सालदार नसतो. मंडळी, खानदेशात सालदाराचं साल आखाजीला ठरतं. रोख किती, धान्य किती, कपडे, चपला, आधीची उचल किती फिटली, हे सगळं त्या दिवशी बोललं जायचं. मालकाच्या पोरीला आखाजी माहेर होतं; सालदाराच्या पोरीचा बाप त्याच दिवशी वर्षभरासाठी बांधला जायचा. एकच सण, एकच वाडा. दोघांपैकी एकच गोष्ट सांगणारं संग्रहालय अर्धं खोटं बोलतं. आणि हो, आखाजीला पुरुष मंडळी पत्ते कुटत बसतात, तेही लपवू नका! त्यात हरलेल्या पैशांचा हिशोबही घरातल्या बाईनंच सोसलेला आहे.

मग करायचं काय? फार खर्चाचं काही सांगत नाही. कार्यक्रम सकाळी अकराला नको, पहाटे ठेवा. दळण पहाटेचंच असतं. पायलीभर गहू आणा आणि आजींना पूर्ण दळू द्या, फोटोपुरते दोन फेरे नकोत. ओव्या टिपून घ्या, त्यांच्याच बोलीत, आणि त्यांच्या नावासकट. घागरी कुंभाराकडून विकत घ्या, त्याला मांडवात बसवा आणि दाम द्या. एका जुन्या सालदाराला पाहुण्यांच्या खुर्चीवर बसवा आणि विचारा, तुमचं पहिलं साल कितीला ठरलं होतं? आणि फलकावर 'जाते' राहू द्या, पण वर मोठ्या अक्षरात 'घरोट' लिहा.

काही जण म्हणतील, लोकांना एवढा वेळ बसवत नाही. खरं आहे. पण त्या बाया रोज बसत होत्या. एक पहाट आपण बसलो तर निदान एवढं कळेल, की गाणं हौसेनं येत नव्हतं; हात भरून यायचे, म्हणून येत होतं.

त्या दिवशी आजींना उत्तर देता आलं नाही, मलाही नाही. येत्या आखाजीला जिथे जाल तिथे, जमलं तर, मूठभर गहू सोबत न्या.