घनकचरा व्यवस्थापन आणि नियमन : तलवाड्याच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :

झपाट्याने विकसित होणाऱ्या देशासमोर घनकचऱ्याचा प्रश्न दोन अंगांनी उभा राहतो. पहिले अंग व्यवस्थापनाचे, म्हणजे कचरा गोळा कसा करावा, वेगळा कसा करावा आणि त्याची विल्हेवाट कशी लावावी याचे. दुसरे अंग नियमनाचे, म्हणजे हे काम कोणी, कोणाच्या पैशाने व कोणत्या कायद्याच्या आधारे करावे याचे. आपल्याकडील लेखनात पहिल्या अंगाची चर्चा भरपूर होते. गांडूळखत, बायोगॅस, पुनर्वापर हे शब्द आता शालेय पाठ्यपुस्तकांतही रुळले आहेत. दुसऱ्या अंगाची चर्चा मात्र महानगरांच्या सीमेपाशी येऊन थांबते. बीड जिल्ह्यातील गेवराई तालुक्यात असलेले, त्वरितादेवीच्या मंदिरामुळे पंचक्रोशीत परिचित असलेले तलवाडा हे गाव समोर ठेवून, गेल्या पाव शतकातील नियमनाची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. भारतीय घनकचरा नियमन हे शहर गृहीत धरून रचले गेले आणि खेड्याच्या वाट्याला नियमाऐवजी अभियान आले, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

उकिरडा : एक मोडलेली व्यवस्था

मराठवाड्यातील खेड्यात 'कचरा' ही स्वतंत्र समस्या फार जुनी नाही. शेण, गोठ्यातील काडीकचरा, चुलीतील राख, भाजीची देठे हे सर्व उकिरड्यावर जात असे आणि मृगापूर्वी तेच खत गाडीने शेतात पडत असे. उकिरड्याला मालक होता, हे येथे विशेष लक्षात घेतले पाहिजे. कोणाचा उकिरडा कोठे आहे हे गावाला ठाऊक असे आणि त्यातील खताला किंमत असे. ज्या वस्तूला मालक व किंमत असते, तिच्या व्यवस्थापनासाठी वेगळ्या कायद्याची गरज पडत नाही. अर्थात या व्यवस्थेचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. मेलेली जनावरे ओढण्याचे आणि गावाची घाण उचलण्याचे काम जातीच्या आधाराने विशिष्ट समाजांवर लादले गेले होते, ही त्याच व्यवस्थेची दुसरी आणि लाजिरवाणी बाजू होय.

आज उकिरडा उरला आहे, पण त्याचा अर्थ बदलला आहे. दुधाच्या व खाद्यतेलाच्या पिशव्या, शाम्पू व गुटख्याच्या पुड्या, फुटलेल्या बादल्या, वापरलेले डायपर यांची त्यात भर पडली. शेतीनेही आपला वाटा उचलला. कापसावर फवारलेल्या कीटकनाशकांच्या बाटल्या, ठिबकच्या जीर्ण नळ्या, आच्छादनाचा प्लॅस्टिक कागद आणि रासायनिक खतांच्या गोण्या हा कचरा घरातून नव्हे, तर रानातून येतो. मिसळलेला उकिरडा शेतात टाकला तर प्लॅस्टिक मातीत जाते, न टाकला तर तो गावठाणाच्या कडेला कुजत राहतो आणि पेटवला तर विषारी धूर घरात येतो. तिन्ही मार्गांनी नुकसान गावाचेच होते. ज्याचा मालक नाही आणि ज्याला किंमत नाही असा पदार्थ गावात प्रथमच मोठ्या प्रमाणावर आला आणि तेथूनच नियमनाची गरज सुरू झाली.

नियमांची वाटचाल :

देशातील घनकचरा नियमनाची सुरुवात ग्रामीण अनुभवातून झाली नाही. अल्मित्रा पटेल यांनी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या जनहित याचिकेतून हा विषय राष्ट्रीय पातळीवर आला. न्यायालयाने नेमलेल्या समितीच्या शिफारशींनंतर केंद्र शासनाने नागरी घनकचरा (व्यवस्थापन व हाताळणी) नियम, २००० अधिसूचित केले. प्रक्रिया प्रकल्प उभारण्यासाठी ३१ डिसेंबर २००३ ही मुदत देण्यात आली. या नियमांच्या नावातच 'नागरी' हा शब्द होता, त्यामुळे ग्रामपंचायतीचा त्यात विचार असण्याचे कारण नव्हते.

पुढे २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी कार्यक्षेत्र वाढवले. जनगणना शहरे, नागरी समूह, औद्योगिक वसाहती, रेल्वे, विमानतळ, तसेच राज्य शासनाने अधिसूचित केल्यास तीर्थक्षेत्रे यांचा त्यात समावेश झाला. ग्रामपंचायतीचा उल्लेख प्रथमच आला, परंतु तो जनगणना शहरे व नागरी समूह यांतील ग्रामपंचायतींपुरता होता. जनगणना शहर ठरण्यासाठी किमान ५,००० लोकसंख्या, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० घनता आणि पुरुष कामकऱ्यांपैकी किमान ७५ टक्के बिगरशेती व्यवसायात असणे आवश्यक असते. शेतीवर व ऊसतोडीवर जगणाऱ्या बीड जिल्ह्यातील मोठ्या गावांना तिसरी अट ओलांडणे कठीण आहे. म्हणजे गाव कितीही मोठे असले आणि बाजाराच्या दिवशी त्यात कितीही कचरा साचला, तरी गावातील पुरुष शेतात राबतात या कारणाने त्याचा कचरा नियमाबाहेर राहिला. कचऱ्याचे प्रमाण व्यवसायावरून ठरवणारी ही कसोटी तर्कदृष्ट्या टिकणारी नाही.

२०१६ मध्येच आलेल्या प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन नियमांनी मात्र ग्रामीण भागाचा समावेश करून ग्रामपंचायतीवर स्पष्ट जबाबदारी टाकली. परिणामी एक विचित्र स्थिती निर्माण झाली. एकाच उकिरड्यातील प्लॅस्टिकची पिशवी नियमाखाली आली आणि तिच्याशेजारची बॅटरी किंवा औषधाची बाटली घनकचऱ्याच्या नियमाबाहेर राहिली. जानेवारी २०२६ मध्ये अधिसूचित झालेल्या नव्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी १ एप्रिल २०२६ ही अंमलाची तारीख ठरवून २०१६ च्या नियमांची जागा घेतली. कचऱ्याचे ओला, सुका, स्वच्छताविषयक आणि विशेष काळजीचा असे चार प्रकार त्यांत आहेत. शहरात जे वर्गीकरण दोन डब्यांत झाले नाही ते चार डब्यांत कसे होणार, हा प्रश्न रास्त आहे. परंतु या नियमांची खरी परीक्षा तलवाड्यासारख्या गावाच्या गल्लीत होणार आहे.

आकडेवारीतील अनुपस्थिती :

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१ च्या वार्षिक अहवालानुसार देशात दररोज सुमारे १,६०,०३९ टन घनकचरा निर्माण होत होता. त्यापैकी सुमारे १,५२,७५० टन गोळा होत असे, ७९,९५६ टनांवर प्रक्रिया होत असे आणि २९,४२७ टन भरावभूमीत जात असे. उरलेल्या सुमारे ५०,६५५ टनांचा, म्हणजे जवळजवळ एकतृतीयांश कचऱ्याचा, हिशोब लागत नव्हता. जागतिक बँकेच्या २०१८ च्या अहवालानेही जगातील किमान ३३ टक्के कचरा पर्यावरणाच्या दृष्टीने सुरक्षितपणे हाताळला जात नाही असे नमूद केले होते.

मंडळाचे हे आकडे प्रामुख्याने नागरी स्थानिक संस्थांच्या माहितीवर उभे आहेत. गावाचा कचरा 'बेहिशेबी' या रकान्यातही येत नाही, कारण तो मोजलाच जात नाही. आणि जे मोजले जात नाही त्यासाठी ना तरतूद होते, ना कोणाला जबाब विचारता येतो.

अभियान आणि व्यवस्था :

खेड्याच्या वाट्याला नियमाऐवजी अभियान आले असे वर म्हटले. महाराष्ट्रात २०००-०१ मध्ये संत गाडगेबाबा ग्राम स्वच्छता अभियान सुरू झाले आणि त्याने गावोगावी उत्साह निर्माण केला, हे नाकारता येणार नाही. केंद्राच्या निर्मल ग्राम पुरस्काराने शौचालयांच्या प्रश्नाला प्रतिष्ठा दिली. २ ऑक्टोबर २०१४ रोजी सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानाने तोच धागा पुढे नेला. परंतु स्पर्धा व पुरस्कार हे ज्याचे इंधन आहे, अशा कार्यक्रमाला एक अंगभूत मर्यादा असते. तपासणी समिती येण्याच्या दिवशी गाव स्वच्छ असते, कारण त्या दिवसाला बक्षीस आहे. नंतरच्या दिवसांना ना बक्षीस असते, ना दंड. गाडगेबाबांनी गावात शिरताच स्वतः झाडू हाती घेतला, तो कोणत्याही समितीची वाट पाहून नव्हे.

स्वच्छ भारत अभियानाच्या २०२०-२१ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात घनकचऱ्याचा समावेश झाला. त्याच्या निकषानुसार ५,००० पर्यंत लोकसंख्येच्या गावाला घनकचऱ्यासाठी दरडोई ६० रुपयांपर्यंत आणि त्याहून मोठ्या गावाला दरडोई ४५ रुपयांपर्यंत तरतूद ठेवण्यात आली. समजा, एखाद्या गावाची लोकसंख्या ६,००० आहे. त्याला मिळू शकणारी कमाल रक्कम २,७०,००० रुपये होते आणि तीही एकदाच. त्यातून घंटागाडी, खतखड्डे व सुक्या कचऱ्याची शेड होईल. पण दोन कामगारांना महिना १०,००० रुपये द्यायचे म्हटले तरी वर्षाला २,४०,००० रुपये लागतात. म्हणजे उभारणीसाठीची संपूर्ण तरतूद जवळपास एका वर्षाच्या मजुरीइतकी आहे. कचरा मात्र दुसऱ्या वर्षीही निघतो. घंटागाडी उभी राहते आणि हाकणारा मिळत नाही, या अनुभवाचे मूळ ग्रामस्थांच्या उदासीनतेपेक्षा या हिशोबात आहे.

येथे एक प्रतिवाद संभवतो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी पंचायतींच्या अनुदानापैकी ६० टक्के रक्कम बंधित ठेवली होती आणि तिचा निम्मा भाग स्वच्छतेसाठी होता. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाने पंचायतीला सामान्य स्वच्छता कर बसवण्याचा अधिकारही दिला आहे. तेव्हा पैसा नाही असे म्हणता येणार नाही. हा प्रतिवाद बराचसा खरा आहे. वरील उदाहरणात घरटी पाच माणसे धरली तर १,२०० कुटुंबे होतात आणि कामगारांच्या मजुरीचा बोजा प्रत्येक कुटुंबावर वर्षाला २०० रुपये, म्हणजे महिन्याला १७ रुपयांहूनही कमी पडतो. रक्कम आवाक्याबाहेरची नाही. परंतु दिवाळीच्या सुमारास निम्मी घरे उसाच्या फडावर जातात, अशा गावात ती कोणाकडून व केव्हा वसूल करावी, बंद घराला सूट द्यावी काय, कर न भरणाऱ्याच्या दारातला कचरा उचलावा काय, हे प्रश्न कोणत्याही मार्गदर्शक सूचनेत सोडवलेले नाहीत. छत्रपती संभाजीनगरजवळील पाटोदा या गावाने कर भरणाऱ्या कुटुंबाला मोफत दळण देऊन कर आणि सेवा यांचा संबंध लोकांच्या प्रत्ययास आणला. आधी सेवा दिसली की कर देण्याची तयारी होते, एवढा बोध त्यातून निश्चित घेता येतो.

शहराचा धडा :

शहरात नियम असूनही काय घडते हे पाहिले पाहिजे, अन्यथा गावाला नियम मिळताच प्रश्न सुटेल असा भ्रम होईल. फेब्रुवारी २०१८ मध्ये तत्कालीन औरंगाबाद शहराचा कचरा नारेगाव येथे टाकण्यास परिसरातील ग्रामस्थांनी विरोध केला आणि शहर कचऱ्यात बुडाले. पर्यायी जागेवरून हिंसाचारही झाला. २००० च्या नियमांनी दिलेली मुदत संपून तेव्हा चौदा वर्षे उलटली होती. मुंबईत देवनारच्या आगीने जानेवारी २०१६ मध्ये तोच इशारा दिला होता. याउलट पुण्यात १९९३ मध्ये स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतून पुढे 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था उभी राहिली. कचरा वेचणाऱ्या स्त्रियांना ओळखपत्र, वर्गणी आणि मालावरील हक्क मिळाल्याने वर्गीकरण हे त्यांच्या हिताचे झाले.

या दोन अनुभवांतून निघणारे तात्पर्य असे की, नियम यशस्वी होण्यासाठी कोणाचे तरी दैनंदिन हित त्याच्याशी जोडलेले असावे लागते. गावात भंगारवाला पत्रा, काच आणि जाड प्लॅस्टिक नेतो, पुड्या व वेष्टने नेत नाही, कारण त्यांना भाव नाही. उत्पादकाची विस्तारित जबाबदारी २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी कागदावर निश्चित केली. परंतु पुडी विकण्यासाठी गावाच्या शेवटच्या टपरीपर्यंत पोहोचणारी वितरणव्यवस्था रिकामी पुडी परत नेण्यासाठी तेथे पोहोचत नाही. ही विषमता दूर न करता गावकऱ्यालाच बेशिस्त ठरवणे अन्यायाचे होईल.

निष्कर्ष आणि आपली जबाबदारी :

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. एक, गाव नियमनाच्या कक्षेत घेण्याची कसोटी व्यवसाय नसून कचऱ्याचे प्रत्यक्ष प्रमाण असावी. दोन, उभारणीच्या तरतुदीबरोबर दैनंदिन खर्चाची तरतूद असावी आणि तिचा पहिला हक्क सफाई कामगाराच्या वेतनाला, हातमोज्यांना व आरोग्य तपासणीला असावा. हे काम पुन्हा जातीच्या वाटेने जाऊ नये, याची दक्षता ग्रामसभेने घ्यावी. तीन, शेतीतील प्लॅस्टिक व कीटकनाशकांची वेष्टने परत घेण्याची व्यवस्था ती विकणाऱ्या कृषी सेवा केंद्रांमार्फत व्हावी. चार, ओला कचरा गावाबाहेर नेऊच नये. उकिरड्याला पुन्हा मालक मिळाला, तर उचलण्याचा भार बराच कमी होईल.

शेवटी अध्यापक म्हणून आपल्याविषयी. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांमुळे पर्यावरणशास्त्र पदवी स्तरावर अनिवार्य झाले. दरवर्षी विद्यार्थी कचऱ्यावर प्रकल्प लिहितात आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिरात गाव झाडतात. शिबिर संपते आणि प्रकल्पाच्या वह्या गठ्ठ्यात पडून राहतात. शासनाच्या अभियानावर आपण जी टीका करतो तीच आपल्या या उपक्रमांनाही लागू पडते. त्याऐवजी एखाद्या महाविद्यालयाने आपल्या गावातील ठरावीक पन्नास घरांचा कचरा वर्षभर, आठवड्यातून एकदा, वेगळा करून तराजूवर तोलला, सुगीचा, नवरात्राचा, ऊसतोडीच्या स्थलांतराचा काळ स्वतंत्र नोंदवला आणि तो तक्ता ग्रामसभेपुढे ठेवला, तर गावाला प्रथमच स्वतःचा आकडा मिळेल. त्यासाठी मोठा निधी लागत नाही. एक वजनकाटा, एक वही आणि सातत्य पुरेसे आहे. नियमन कोठून सुरू होते, या प्रश्नाचे उत्तर आपल्यापुरते तरी त्या वहीच्या पहिल्या पानावर आहे.