झारीचं नाक

कलासमीक्षक मंडळी चित्रांवर लिहितात, नाटकांवर लिहितात. झारीवर कोणी लिहीत नाही. आपल्याला ठाऊक ते फक्त झारीतले शुक्राचार्य! बळीराजा दानाचं उदक सोडायला निघाला तेव्हा गुरुजी तोटीत जाऊन बसले, वामनाने दर्भाची काडी खुपसली आणि त्यांचा एक डोळा गेला. पण एवढा ज्ञानी माणूस लपायला तोटीच का निवडतो, हे कुणी विचारलं नाही. अहो, झारीचा सगळा जीव तोटीतच असतो!

मालवणात आमच्या काकीकडे एक जुनी पितळी झारी आहे. पोट भटजींचं, मान हंसाची, तोटीचं तोंड मगरीचं आणि झाकणावर मोर. एवढ्या जनावरांची खरं तर जत्राच व्हायची. पण इथे प्रत्येकाला काम आहे. मान अरुंद, म्हणून पाणी हिंदकळत नाही. मोर मिरवतो खरा, पण झाकण उचलायची मूठही तोच. तोटी पोटातून निघून पार काठाच्या उंचीपर्यंत चढते. बुटकी ठेवली असती तर झारी कधी भरलीच नसती, वरचं पाणी तोटीवाटे पसार झालं असतं. मगरीचा ओठ पातळ, म्हणून धार सुटून पडते, गळ्यावर ओघळत नाही. हा गुण हॉटेलातल्या चहाच्या किटलीत शोधावा आणि मग टेबलाकडे पाहावं!

दोष एकच. पोटावरची वेलबुट्टी अंमळ जास्त झाली. घासताना पानापानात चिंच अडकते. घडवणाऱ्याने घासणारीला विचारलेलं दिसत नाही.

पुण्याला दिनकर केळकरांनी अशी घरगुती भांडी, दिवे, अडकित्ते जन्मभर हिंडून जमवले आणि १९७५ साली सरकारच्या स्वाधीन केले. फार मोठं काम. तरी काचेआडच्या झारीचं परीक्षण अर्धंच होतं. गवयाचा फोटो पाहून आवाज थोडाच कळतो?

मुंबईचा पुतण्या गणपतीला आला नि म्हणाला, "काकी, तोटी जरा वाकलीय. मोडीत घालूया काय? पितळेला भाव चांगला आहे."

काकी तुळशीला पाणी घालत होती. मागे न बघताच म्हणाली, "नाक वाकडा आसा म्हणान माणसाक कोण मोडीत घालता रे?"

मोडवाल्याच्या तागडीत पितळ तोललं जातं, धार तोलली जात नाही. काकीच्या घरी निदान अजून तरी धार पडते आहे.