चिलीचं प्रेसिंग: चेंडू समोरच्याकडेच हवा

मंडळी, प्रेसिंग म्हटलं की आपल्याला पळणारी माणसं दिसतात. समालोचकही 'काय दमसास आहे बघा' म्हणून मोकळे होतात. आम्हाला ते पुरेसं वाटत नाही. कोण कोणावर जाणार, आणि तो गेल्यावर मागे कोण उरणार, हे ठरलेलं नसेल तर सगळं धावणं वाया जातं. म्हणून आज एकच संघ घेऊ: होर्हे साम्पाओलींचा २०१४ च्या विश्वचषकातला चिली.

१८ जून, रिओचं माराकाना मैदान, समोर गतविजेता स्पेन. ऑस्ट्रेलियाविरुद्ध चिली चार बचावपटू घेऊन खेळला होता. इथे साम्पाओलींनी तीनच ठेवले: मेदेल, सिल्व्हा आणि हारा. ऐकायला उलटं वाटतं, पण हिशेब सरळ आहे. मागचा एक माणूस कमी केला की पुढे जोड्या पुऱ्या होतात. स्पेनच्या दोन सेंटर-बॅकवर वार्गास आणि सांचेझ. बुस्केट्स आणि आलोन्सो या जोडीवर विदाल, त्याच्या मदतीला मागून वर येणारा आरांगिझ. फुल-बॅकवर इस्ला आणि मेना. म्हणजे कासियासनं मान वर करून पाहिलं, तर जवळचा जवळजवळ प्रत्येक माणूस झाकलेला.

कबड्डीत साखळी पकडताना एकानं घाई केली की चढाईपटू निसटतो ना, तसंच हे. पण त्या दिवशी घाई कुणी केली नाही. विसाव्या मिनिटाला आलोन्सोचा पास चुकला; सांचेझ, आरांगिझ, मग वार्गास, गोल. त्रेचाळिसाव्या मिनिटाला सांचेझची फ्री किक कासियासनं मुठीनं परतवली, ती थेट आरांगिझच्या पायाशी. २-०. स्पेन स्पर्धेबाहेर.

इथवर सगळे कौतुक करतात, आम्हीही करतो. पण हा सापळा चालायला स्पेननं चेंडू मागून खेळवत आणणं गरजेचं होतं. स्पेनला दुसरं काही करायचंच नव्हतं!

पाच दिवसांनी साव पावलोमध्ये नेदरलँड्सची गाठ पडली. दोघांचे सहा-सहा गुण, पण गोलफरकात डच पुढे. त्यांना बरोबरीही चालणार होती. मग लुई व्हान खाल यांनी काय केलं? पाचजण मागे ठेवले आणि चेंडू चिलीलाच देऊन टाकला. आता प्रेस कुणाला करायचं? शिवाय विदाल बाकावर. चेंडू बहुतेक वेळ चिलीकडे राहिला, पण गर्दी फोडायची कशी याचं उत्तर सापडलं नाही. ७७ व्या मिनिटाला, नुकताच बदली म्हणून आलेल्या लेरॉय फेरनं हेडर मारला. भरपाईच्या वेळेत रॉबेन मोकळ्या जागेतून धावला आणि डेपायनं दुसरा गोल केला.

तो हेडर योगायोग नव्हता, असं आमचं मत आहे. पुढे दाबायचं तर मागे चपळ माणसं लागतात. साम्पाओलींनी ती निवडली आणि उंची सोडून दिली. मधला बचावपटू मेदेल १ मीटर ७१ सेंटिमीटरचा. स्पेनपुढे ही उणीव झाकली गेली, कारण स्पेन उंच चेंडूंवर जगणारा संघ नव्हता.

पराभवाची किंमतही मोठी होती. गटात पहिला आला असता तर चिलीसमोर मेक्सिको आला असता. दुसरा आल्यामुळे यजमान ब्राझील आला. आणि बेलो होरिझोंतेच्या त्या सामन्यात हा संघ दोन्ही बाजूंनी दिसला. ब्राझीलचा गोल कॉर्नरवरून. चिलीचा गोल ब्राझीलच्याच थ्रो-इनमधून: हल्कचा ढिला पास वार्गासनं हिसकावला आणि सांचेझनं संपवला. जादा वेळेच्या अगदी शेवटी पिनियाचा फटका क्रॉसबारवर आदळला, आणि पेनल्टी शूटआउटमध्ये चिली ३-२ नं हरला. पिनियानं पुढे तो फटका स्वतःच्या पाठीवर गोंदवून घेतला.