हॅकरचा सत्याग्रह?

‘हॅक्टिव्हिझम’ हा शब्द १९९६ साली ‘कल्ट ऑफ द डेड काऊ’ या हॅकर टोळीतून आला. आपल्याकडे तो प्रकार पोचला जून १९९८मध्ये. पोखरणच्या स्फोटांनंतर महिनाभरात ‘मिलवर्म’ नावाच्या परदेशी पोरांनी भाभा अणुसंशोधन केंद्राच्या सर्व्हरमध्ये शिरून शास्त्रज्ञांचे ईमेल पळवले. कारण सांगितलं अण्वस्त्रविरोधाचं.

मी चिखलीत बसून काम करतो. क्लायंटची सिस्टिम तपासायची तर आधी लेखी परवानगी लागते. त्यामुळे असेल कदाचित, पण मला हे आंदोलन वाटत नाही. टोळीत अमेरिका-ब्रिटनची पोरं होती, म्हणजे बाँब त्यांच्या घरीही होताच!

हॅक्टिव्हिझमचे कैवारी सत्याग्रहाचा दाखला देतात. मग आपल्या वऱ्हाडातलाच घ्या. १० जुलै १९३०ला पुसदजवळ बापूजी अणे यांनी राखीव जंगलातलं गवत कापलं आणि अटक करवून घेतली. कायदा मोडला तो उघड, नावानिशी. मिलवर्मकडे फक्त टोपणनावं होती.

पण नाव सांगणंही सोपं नाही. २०१०मध्ये हैदराबादच्या हरी प्रसाद यांनी चेहरा न लपवता ईव्हीएममधला फेरफार दाखवला. यंत्र मुंबईच्या सरकारी गोदामातलं होतं. ते कोणी दिलं, हे त्यांनी सांगितलं नाही. ऑगस्टमध्ये त्यांना अटक झाली. स्वतःचं नाव दिलं, दुसऱ्याचं राखलं. माझ्या लेखी अण्यांच्या जवळ जातात ते हेच. गंमत म्हणजे त्यांना सहसा हॅक्टिव्हिस्ट नाही, संशोधक म्हणतात.

लेखी परवानगी मात्र त्यांच्याकडेही नव्हती.