गोल येतात कुठून?

वाशिम जिल्ह्यातल्या आमच्या शिरपूर जैनला लोक येतात ते अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनाला. फुटबॉलसाठी इकडे कुणी वाट वाकडी करणार नाही. तरी भारताचा सामना असला की मोबाइलला डोळे लावून बसणारी चार टाळकी इथेही सापडतात. संघ हरला की त्यांचं पालुपद ठरलेलं: गोल मारणारा नाही, छेत्रीनंतर कोण? मला हा प्रश्न अर्धवट वाटतो. जानेवारी २०२४ मध्ये कतारला झालेल्या आशियाई चषकात सुनील छेत्री होताच की. ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान, सीरिया असे तीन सामने झाले, तिन्ही हरलो आणि आपल्या नावावर एकही गोल लागला नाही.

पुढच्या, म्हणजे २०२७ च्या आशियाई चषकाच्या पात्रता फेरीत तर समोर बांगलादेश, हाँगकाँग आणि सिंगापूर होते. पहिल्या पाच सामन्यांत आपले गोल दोन. त्यातला पहिला, सिंगापूरमध्ये रहीम अलीने अगदी शेवटी मारलेला, प्रतिस्पर्ध्याच्या बचावफळीने चेंडू मागे देताना केलेल्या चुकीतून आला. दुसरा मडगावच्या फातोर्डा मैदानावर लालियानझुआला छांगतेने लांबून हाणलेला. फटका देखणा होता, पण तो एकट्याच्या पायाचा. आणखी थोडं मागे जाऊ. मार्च २०२५ मध्ये शिलाँगला मालदीवविरुद्ध तीन गोल झाले, तिन्ही डोक्याने, त्यातले दोन कॉर्नरवरून. खालिद जमीलने सूत्रं हाती घेतल्यावर ऑगस्टमध्ये ताजिकिस्तानला २-१ ने हरवलं, तेव्हाचे दोन्ही गोल अन्वर अली आणि संदेश झिंगन या सेंटर बॅकचे. पहिल्याची सुरुवात मुहम्मद उवैसच्या लांब थ्रो-इनने झाली. कॉर्नर, थ्रो-इन, समोरच्याची चूक, लांबचा फटका. मधल्या फळीतून चार पास फिरवत बचाव उघडला आणि गोल केला, असं या यादीत काही सापडत नाही.

आपली चाल आता पाठ झाली आहे. सेंटर बॅककडून चेंडू फुल बॅककडे, तिथून विंगरकडे. छांगते किंवा लिस्टन कुलासो, दोघांच्याही पायात वेग. एकाला चकवून ते कडेने पुढे निघतात. इथपर्यंत सगळं छान. मग मान वर करून बघतात तर पेनल्टी बॉक्समध्ये निळा शर्ट एकच आणि त्याच्याभोवती तीन बचावपटू. क्रॉस उंच जातो, पहिलाच बचावपटू तो डोक्याने परतवतो. खरी मेख पुढे आहे. परतवलेला तो चेंडू बॉक्सच्या तोंडाशी पडतो, आणि तिथे आपलं कुणीच नसतं. मधल्या फळीतले दोघं प्रतिहल्ल्याच्या धास्तीने पंधरावीस पावलं मागे थांबलेले असतात. कॅमेरा चेंडूमागे धावतो, म्हणून ही मोकळी जागा घरबसल्या नीट दिसत नाही. दिसतो फक्त वाया गेलेला क्रॉस, आणि शिव्या खातो विंगर.

हे भगदाड छेत्रीने वर्षानुवर्षं झाकून ठेवलं. भारतासाठी ९५ गोल करणारा हा माणूस उंचीने सामान्य, तरी बचावपटूच्या पाठीमागून नेमक्या क्षणी उसळून डोकं लावायचा. वाईट क्रॉसचंही सोनं व्हायचं, त्यामुळे क्रॉस वाईट आहे हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. जून २०२४ मध्ये तो निवृत्त झाला आणि नऊ महिन्यांत त्याला परत बोलवावं लागलं. मानोलो मार्केझसारख्या, पासांवर खेळ उभारणाऱ्या प्रशिक्षकालाही दुसरी वाट दिसली नाही.

दुसरी वाट नव्हतीच असं नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये कुवेतला त्यांच्याच घरी १-० ने हरवलं, तो गोल पुन्हा पाहावा. छांगतेने डावीकडून चेंडू उंच न उडवता आत दिला, आणि धावत आलेल्या मनवीर सिंगने तो थांबवत न बसता डाव्या पायाने जाळ्यात धाडला. पण हाच मनवीर मोहन बागानकडून वर्षानुवर्षं उजव्या बगलेत खेळत आला आहे. सेंटर फॉरवर्डची जागा त्याला मिळायची ती देशाचा शर्ट घातल्यावर.

दुखणं तिथे आहे. इंडियन सुपर लीगमध्ये २०१४ पासून २०२४-२५ पर्यंत प्रत्येक हंगामातला सर्वाधिक गोलांचा मान परदेशी खेळाडूकडे गेला. २०२४-२५ मध्ये भारतीयांत पहिला कोण, तर चाळिशीतला छेत्री, १४ गोलांसह. क्लबांना दोष देऊन भागत नाही. पैसा ओतलेला मालक गोलसमोरची जागा तयार माणसालाच देणार. मग आपला पोरगा सरकतो बगलेत. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात आघाडीला खेळला, पुढे क्लबांत विंगर झाला. तालमींच्या संघांवर जीव टाकणाऱ्या, शाहू स्टेडियम भरवणाऱ्या गावाचा हा मुलगा. ज्या मुंबईकर नेव्हिल डिसोझाने १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियावर हॅटट्रिक केली, तो मात्र खराखुरा सेंटर फॉरवर्ड होता.

खालिद जमील मुंबईच्या मैदानांवर मुरलेला, हातात आहे त्यात भागवणारा माणूस. आयझॉलला २०१६-१७ मध्ये आय-लीग जिंकून देणारा. लांब थ्रो आणि कॉर्नरवर त्याची भिस्त आहे ती हौसेने नव्हे. पण बॉक्सच्या तोंडाशी एक माणूस कायम ठेवण्याचं धाडस त्यानेही करायला हवं होतं. बांगलादेशासमोरही प्रतिहल्ल्याला एवढं भ्यायचं, तर जिंकायचं कुणाशी? नोव्हेंबर २०२५ मध्ये ढाक्याला तेही १-० ने जिंकून गेले. त्याच सुमारास ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व सोडून भारतीय झालेला रायन विल्यम्स शिबिरात दाखल झाला. आईकडून मुंबईशी नातं, खेळ वेगवान, बंगळुरूकडून कामगिरीही चांगली. आणि जागा? मुख्यतः विंगरची.