धवळा आणि नाममुद्रा

वाङ्मयचौर्याची प्रचलित संकल्पना स्थिर संहिता आणि तिचा एकमेव कर्ता या दोन गृहीतकांवर उभी आहे. मौखिक परंपरेत ही दोन्ही गृहीतके डळमळतात. ठाणे-रायगड पट्ट्यातील आगरी लग्नांत धवळारीण जे धवळे गाते, ते सर्वस्वी तिने रचलेले नसतात आणि केवळ पाठ केलेलेही नसतात. विधी पाहून ती कडवी निवडते, लांबवते, वधूवरांची आणि घरच्यांची नावे त्यांत गुंफते. आधीच्या धवळारणीकडून ऐकलेले घेणे ही येथे चोरी नव्हे. तीच विद्या होय.

यावरून ही परंपरा कर्तृत्वाविषयी उदासीन होती, असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे ठरेल. आद्य मराठी कवयित्री मानल्या जाणाऱ्या महदंबेची तेराव्या शतकातील रचना ‘धवळे’ याच नावाने ओळखली जाते, आणि महानुभावांनी रचनेबरोबर तिचे नावही जपले. पुढे एकनाथांनी शके १५०६ मध्ये (इ. स. १५८४) ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तसे करताना त्यांनी स्वतःला संशोधक म्हणवले, कर्ता नव्हे, आणि तीत स्वतःची ओवी घालणाऱ्याचा निषेध केला. याउलट तुकारामांचे अभंग आपल्या नाममुद्रेने खपवणारा सालोमालो परंपरेत निंदेचाच विषय राहिला. म्हणजे परंपरेचा आक्षेप घेण्याला नव्हता. घेतलेल्यावरील मुद्रा पुसण्याला होता.

आजच्या ‘रिमिक्स’चा विचार या पार्श्वभूमीवर करावयास हवा. शहापूर-मुरबाडच्या खेड्यांतही हळदीला डीजे वाजू लागला आहे. भ्रमणध्वनीवर टिपलेला धवळारणीचा आवाज संगणकावर कापता येतो, त्याची पट्टी चढवता येते, त्याखाली ठेका घालून तो हवा तितका फिरवता येतो. बदल हा येथे दोष मानता येणार नाही. धवळारीणही बदल करीतच आली. परंतु तिचा बदल तिला ओळखणाऱ्या मंडळींसमोर घडत असे आणि चुकल्यास तिला तेथेच टोकता येत असे. नव्या मिश्रणात हा संबंध तुटू शकतो. अशा मिश्रणांत डीजेचे नाव मध्येमध्ये घोषित करण्याची रीत आहे. ही नाममुद्राच होय. तिला हरकत असण्याचे कारण नाही. हरकत आहे ती गाणारीचे नाव त्याच वेळी गळण्याला. सालोमालोचे नवे रूप ते हेच.

कायद्याची भूमिका येथे उद्बोधक आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क निर्मात्याकडे जातो. पारंपरिक धवळ्याला मात्र कर्ताच सापडत नाही. तथापि १९९४ च्या दुरुस्तीने प्रयोगकर्त्याचे हक्क मान्य केले आणि २०१२ च्या दुरुस्तीने, वापराच्या स्वरूपामुळे नाव गाळणे अपरिहार्य ठरते तो अपवाद वगळता, आपली ओळख नमूद होण्याचा नैतिक हक्कही त्याला दिला. धवळा कोणाचाच नसला, तरी गाणे तिचे आहे, हे कायद्यालाही अमान्य नाही.

तंत्रज्ञानावर सगळा ठपका ठेवणेही युक्त नव्हे. हेमा राईरकर आणि गी प्वाटव्हाँ यांच्या पुढाकाराने जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर त्या प्रसिद्ध होत आल्या, त्या गाणारीच्या आणि तिच्या गावाच्या नावासह. एरवी निनावी ठरलेल्या ओवीला त्याच संगणकाने नाव मिळवून दिले.

तेव्हा साम्य किती आणि बदल किती, या मोजमापाने रिमिक्सची सर्जनशीलता ठरणार नाही. ज्या आवाजावर ते उभे आहे त्याचे नाव ते सांगते काय, आणि ज्या गावातून ते घेतले तेथे ते परत ऐकवण्याची त्याची तयारी आहे काय, हे दोन प्रश्न समीक्षेने आधी विचारले पाहिजेत.