टोपणनावांचा ज्ञानकोश

मराठी विश्वकोशाचा पहिला खंड तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली १९७६ साली प्रसिद्ध झाला. त्यातील नोंदीखाली लेखकाचे नाव असते. १ मे २००३ रोजी आरंभलेल्या मराठी विकिपीडियात मात्र लेखाखाली कोणाचेच नाव नसते आणि लिहिणारे पुष्कळदा टोपणनावानेच वावरतात. आमच्या पिढीचा वाचक येथेच अडखळतो : नाव नाही, तर जबाबदारी कोणाची?

हा आक्षेप मला अपुरा वाटतो. कुसुमाग्रज, आरती प्रभू, ग्रेस ही नावे तरी कोठे जन्मदाखल्यावरची होती? त्यांना पत मिळाली ती लेखनाने. विकिपीडियात तर प्रत्येक लेखाला 'इतिहास' जोडलेला असतो. कोणत्या नावाने, कोणत्या दिवशी, कोणता शब्द बदलला हे तेथे दिसते. आयुष्यभर सरकारी टिपण्या लिहिलेल्या माझ्यासारख्याला ही व्यवस्था ओळखीची वाटते. फक्त हुद्द्याचा शिक्का नाही. (त्यावाचून फारसे अडतही नाही!)

खरी उणीव निराळीच आहे. सामूहिक लेखनाचे बळ लिहिणाऱ्या हातांत असते आणि सीमाभागातले हात थोडे. १ नोव्हेंबर २०१४ रोजी बेळगावचे सरकारी नाव बदलले, त्यावर खडेबाजारात तावातावाने बोलणारे पुष्कळ भेटतात. पण निपाणीच्या तंबाखू शेतकऱ्यांचे १९८१ चे आंदोलन डोळ्यांनी पाहिलेल्यांपैकी किती जणांनी त्याविषयी तेथे चार ओळी घातल्या? शिवाय नुसती आठवण तेथे चालत नाही, छापील आधार लागतो. त्या काळची कात्रणे आपल्याच माळ्यांवरील ट्रंकांत पडून आहेत.